लॅपटॉपचा ड्राइव्ह डीव्हीडी वाचतो, सीडी वाचत नाही. आजीच्या ओव्या त्यात अडकल्या आहेत

पाणंद · रविवार, रात्री ९.१०

नमस्कार. मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहिते.

माझी आजी, म्हणजे आईची आई, संगमेश्वर तालुक्यातली. दळताना ओव्या म्हणायची. २००७ च्या मे महिन्यात मामेभावाने जात्याशेजारी माइक ठेवून आठ दिवस रोज थोडं थोडं रेकॉर्डिंग केलं आणि ते आठ सीडींवर उतरवलं. आजी २०१२ ला गेली. त्याच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क त्याच्याही आधी गेली होती. म्हणजे या आठ सीडी एवढंच काय ते उरलंय.

आम्ही चिपळूणला राहतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावरच्या कपाटात पाणी शिरलं, त्यात या सीडीही भिजल्या. आईने नळाखाली धरून गाळ काढला, सावलीत वाळवल्या आणि कागदी पाकिटांत घालून ठेवल्या. त्यानंतर कुणी लावून बघितल्या नाहीत. लॅपटॉप वरच्या मजल्यावर होता म्हणून वाचला. २०११ चा आहे, डिस्क ड्राइव्ह आतच आहे.

परवा मावशी आली. तिला ऐकवायची म्हणून पहिली सीडी घातली. दिवा लुकलुकला, आतून दोन-तीनदा खट्ट आवाज आला, चकती जराशी फिरली आणि थांबली. स्क्रीनवर 'ड्राइव्हमध्ये डिस्क घाला'. आठही सीडींचं तेच. पण घरात एका सिनेमाची डीव्हीडी होती, ती मात्र शेवटपर्यंत नीट चालली.

इथल्या एका दुकानात दाखवलं. ते म्हणाले, डीव्हीडी चालतेय म्हणजे ड्राइव्ह चांगला आहे, सीडी पुरात गेल्या, टाकून द्या. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. दोष ड्राइव्हचा की सीडींचा, हे ठरवायचं कसं?

तांबडी_तार · रविवार, रात्री ९.५५

पाणंदताई, सीडी टाकू नका. बाकीचं नंतर.

मी लॅपटॉप दुरुस्तीत अठरा वर्षं आहे. 'डीव्हीडी चालते म्हणजे ड्राइव्ह चांगला' हे बरोबर नाही. ड्राइव्हमध्ये लेझर एक नसतो, दोन असतात. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा अवरक्त, तो डोळ्याला दिसत नाही. डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल. वरून भिंग एकच दिसतं, पण खाली प्रकाश देणारे डायोड वेगळे. त्यातला एक थकतो आणि दुसरा ठणठणीत राहतो, हे माझ्या टेबलावर कितीतरी वेळा आलंय. तुमची लक्षणं वाचून माझा पहिला संशय सीडीच्या लेझरवर किंवा मळलेल्या भिंगावर आहे.

तो खट्ट आवाज म्हणजे काय तेही सांगतो. डिस्क आत गेली की भिंग वरखाली हलून फोकस शोधतं. परत आलेला प्रकाश पुरेसा दिसला तर ड्राइव्ह मानतो की आत काहीतरी आहे, आणि पुढे फिरवून वाचायला घेतो. प्रकाश दिसलाच नाही तर तो दोन-तीनदा प्रयत्न करून 'आत डिस्क नाही' म्हणून मोकळा होतो. म्हणजे 'डिस्क घाला' हा निरोप तुमच्या सीडीबद्दल काहीच सांगत नाही. ड्राइव्हला दिसलं नाही, एवढंच सांगतो.

आता तीन गोष्टी करून बघा. दुकानातून विकत घेतलेली, छापील गाण्यांची सीडी कुणाकडे असेल तर लावा. मग पूर न पाहिलेली, घरी लिहिलेली एखादी सीडी लावा, शेजारीपाजारी मिळेल. आणि तुमची एक सीडी दुसऱ्या कुठल्याही मशीनमध्ये घालून बघा. काय झालं ते जसंच्या तसं लिहा. 'कधी वाचते, कधी नाही' असं असेल तर तेसुद्धा.

आणखी एक, लॅपटॉपच्या ट्रेमध्ये डिस्क मधल्या गोल खुंटीवर टक् आवाज येईपर्यंत बसवावी लागते. खालून एका हाताने ट्रेला आधार द्या आणि मधोमध दोन बोटांनी दाबा. अर्धवट बसलेली डिस्कही अशीच लक्षणं दाखवते.

रानजाई · रविवार, रात्री १०.२०

माझ्या मुलाच्या सीडी टूथपेस्ट लावून पुसल्यावर चालल्या होत्या. पांढरी साधी पेस्ट, जेल नाही. करून बघा.

कोनाडा · रविवार, रात्री ११.०५

रानजाई, तुमचा अनुभव खरा आहे. पेस्ट बारीक घासण्याचं काम करते, त्याने खालच्या बाजूचा ओरखडा बुजतो. पण पाणंदताईंच्या सीडींना ओरखडा आहे की नाही हेच अजून माहीत नाही. एकमेव प्रतीवर आधी घासकाम नको.

माझं आयुष्य ध्वनिमुद्रणात गेलं, म्हणून हा धागा वाचून झोप येईना. सीडीबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. सीडी १.२ मिलिमीटर जाड. आपण चमकदार बाजूला जपतो, पण त्या बाजूला जवळजवळ सगळी जाडी प्लास्टिकची आहे. खरी नोंद वरच्या बाजूला, नाव लिहितो त्या लेपाच्या लगेच खाली असते. लेप, त्याखाली धातूचा पातळ थर, त्याखाली रंगद्रव्य. खालून ओरखडा पडला तर लेझर त्याच्या पलीकडे पाहू शकतो. वरून लेप उचकटला तर धातूच निघून येतो, आणि मग कुणीच काही करू शकत नाही. डीव्हीडीत असं नाही, तिथे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात आणि नोंद मधोमध सुरक्षित.

म्हणून ताई, एकेक सीडी उजेडासमोर धरा आणि वरून खाली आरपार बघा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसतात का? कडेला लेपाखाली फुगवटा आला आहे का? पुरात भिजलेल्या सीडींना कडेनेच पाणी लागतं. नुसत्या पाण्याने प्लास्टिकचं काही बिघडत नाही. आईंनी सावलीत वाळवल्या हे फार चांगलं झालं. घरी लिहिलेल्या सीडीतलं रंगद्रव्य उन्हाने उडतं.

खालचा रंगही सांगा. गडद निळा, निळसर हिरवा की फिकट सोनेरी-हिरवट?

पुसायची वेळ आलीच तर मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल कधीच नाही. सीडीची चूक सुधारणारी योजना सलग सुमारे ४,००० बिटांची तूट भरून काढते, ट्रॅकवर, म्हणजे नोंदीच्या गोल गोल जाणाऱ्या रेघेवर, ती लांबी अडीच मिलिमीटर भरते. मधून कडेकडे गेलेला ओरखडा प्रत्येक फेऱ्यात जरासाच खातो, तो भरून निघतो. ट्रॅकच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग खातो, तिथे हिशोब संपतो.

उंबरठा · सोमवार, सकाळी ७.४०

ड्राइव्ह उघडण्याआधी सॉफ्टवेअरचा संशय मिटवून घ्या, फुकट आहे.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा. ड्राइव्हच्या नावावर पिवळं उद्गारचिन्ह आहे का? तिथे १९, ३१, ३२, ३९ किंवा ४१ हा कोड दिसला तर बहुतेक वेळा जुन्या डिस्क लिहिण्याच्या सॉफ्टवेअरचे अवशेष नडत असतात. ते सॉफ्टवेअर काढून टाकलं तरी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, सीडी-डीव्हीडीच्या विभागात 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' या दोन नोंदी राहून जातात. त्या विभागाची प्रत आधी बाजूला ठेवून या दोन नोंदी काढल्या आणि मशीन पुन्हा चालू केलं की ड्राइव्ह परत येतो. पण अशा वेळी ड्राइव्ह मुळात दिसतच नाही किंवा काहीच वाचत नाही. तुमची डीव्हीडी चालतेय, त्यामुळे मला हे कारण वाटत नाही.

पक्कं करायचं तर विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स प्रणालीचा लाइव्ह पेनड्राइव्ह करा, त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि तिथे सीडी घाला. तिथेही वाचली नाही तर विंडोजचा विषय संपला.

पाणंद · सोमवार, रात्री ८.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज केलेल्या गोष्टी:

छापील सीडी (शेजारच्या काकांची भजनांची): चौथ्या प्रयत्नात वाचली, मग दोन गाण्यांनंतर अडकली.
शेजाऱ्यांच्या मुलाची, घरी लिहिलेली सीडी, कोरडी आणि स्वच्छ: वाचली नाही.
डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं काही नाही. भाच्याने लिनक्सचा पेनड्राइव्ह करून दिला, तिथेही तेच.
दुसरं मशीन अजून मिळालं नाही. आता कुणाच्याच लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो.

सीडींचा रंग फिकट सोनेरी-हिरवट आहे. सातांना आरपार काही दिसलं नाही. आठव्या सीडीला कडेला, साधारण नखाएवढ्या भागात, लेप फुगल्यासारखा वाटतो.

तांबडी_तार · सोमवार, रात्री ९.००

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पूर न पाहिलेली सीडीही वाचली जात नाही, म्हणजे निदान पहिला दोष ड्राइव्हचा आहे.

छापील सीडी अडखळत का होईना वाचली आणि घरी लिहिलेली अजिबात नाही, यालाही कारण आहे. छापील सीडीत खळगे असतात, ते कुठल्याही लेझरने थोडेफार दिसतात. घरी लिहिलेल्या सीडीत रंगद्रव्य असतं आणि ते ७८० नॅनोमीटरसाठीच बेतलेलं असतं. ६५० च्या लाल प्रकाशाला ते नीट परत पाठवत नाही. अगदी सुरुवातीच्या काही डीव्हीडी प्लेअरमध्ये फक्त लाल लेझर होता, ते विकतच्या सीडी वाचायचे आणि घरच्या नाकारायचे. दुसरा लेझर आला तो मुख्यतः याचसाठी. तुमचा तोच दुसरा लेझर दमलाय, नाहीतर त्याच्या वाटेत धूळ आहे.

निळी_छत्री · सोमवार, रात्री ९.२५

लेझरच्या बाजूला एक बारीक स्क्रूसारखं असतं, त्याने लेझरचा जोर वाढवता येतो. थोडं फिरवलं की जुने ड्राइव्ह परत वाचायला लागतात, मी व्हिडिओत बघितलंय.

तांबडी_तार · सोमवार, रात्री ९.४०

निळी_छत्री, ते करू नये. तो स्क्रू म्हणजे डायोडच्या प्रवाहाचं सेटिंग, कारखान्यात मोजून ठरवलेलं. थकलेल्या डायोडला जास्त प्रवाह दिला तर तो काही तास चमकतो आणि कायमचा जातो. शिवाय सीडीचा लेझर डोळ्याला दिसत नाही, ड्राइव्ह उघडून चालू ठेवला तर डोळ्याला इजा होते आणि समजतही नाही. ज्याच्याकडे मोजायचं साधन नाही त्याने तिथे हात लावू नये.

ताई, भिंग साफ करायची पद्धत सांगतो. लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये भिंग ट्रेवरच असतं आणि ट्रे बाहेर आला की उघडं पडतं. डेस्कटॉपच्या ड्राइव्हसारखं ते आत झाकलेलं नसतं. कोकणातली दमट हवा, फोडणीचा वाफारा, उदबत्तीचा धूर यांचा पातळ थर त्यावर बसतो.

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा. ट्रेच्या तोंडाशी टाचणीएवढं भोक असतं, त्यात सरळ केलेली पेपरक्लिप घातली की ट्रे सुटतो. आधी कॅमेऱ्याच्या रबरी फुग्याने धूळ उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब जातात. मग कानाच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. काडी ओलसर हवी, थेंब पडायला नको. भिंगावर अगदी हलका हात, मधून बाहेर. ते भिंग केसासारख्या तारांवर तरंगत असतं, दाबलं तर खाली जातं, दोन-तीनदा दाबलं तर कायमचं कलतं. नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, अत्तर काही चालणार नाही, भिंग प्लास्टिकचं असतं आणि ते धुरकट होतं. दुसऱ्या कोरड्या काडीने एकदा फिरवा आणि दहा मिनिटं थांबा.

मधल्या खुंटीवरची धूळही पुसा. तिथे कण अडकला तर डिस्क तिरकी फिरते. आणि तेल कुठेही घालू नका.

गव्हाळ · मंगळवार, दुपारी १.१५

हाच त्रास माझाही आहे म्हणून इथेच विचारतो. वडिलांच्या सीटी स्कॅनची सीडी मिळाली आहे, ती ड्राइव्हमध्ये दिसते, आत फोल्डर दिसतात, पण एकही चित्र उघडत नाही. ड्राइव्ह गेला का?

उंबरठा · मंगळवार, दुपारी १.५०

गव्हाळ, फोल्डर दिसतात म्हणजे ड्राइव्ह वाचतोय. स्कॅनची चित्रं डायकॉम प्रकारची असतात, नेहमीचा फोटो दाखवणारा प्रोग्राम ती उघडत नाही. सीडीतच बहुधा बघायचा प्रोग्राम दिलेला असतो. नसेल तर फुकट मिळणारा कुठलाही डायकॉम व्ह्यूअर चालेल. आधी सगळं फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, डॉक्टरांना दाखवायला जाताना पेनड्राइव्हवर न्या आणि सीडीही बरोबर ठेवा. वडिलांना बरं वाटू दे.

पाणंद · बुधवार, रात्री १०.१०

भिंग साफ केलं. काडीवर पिवळट तांबूस डाग आला! त्यानंतर भजनांची सीडी पहिल्याच वेळी वाचली आणि पूर्ण वाजली. पण शेजाऱ्यांची घरी लिहिलेली सीडी दहातून दोनदाच वाचते, आणि आजीच्या सीडी अजूनही नाहीत.

आज एका मैत्रिणीकडून यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह आणला. तो लावला की सीडी जोरात फिरते, मग टुंग आवाज होऊन ड्राइव्ह गायब होतो, परत टुंग होऊन दिसतो. असं सारखं. आता हाही गेला का, या विचाराने रडायला आलं.

तांबडी_तार · बुधवार, रात्री १०.२५

तो गेलेला नाही ताई. त्याला वीज पुरत नाही. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. चकती वेग घेताना ड्राइव्ह सगळ्यात जास्त ओढतो, व्होल्टेज पडलं की तो सुटतो. तुम्ही हबमध्ये (एका पोर्टची अनेक पोर्टं करणाऱ्या डबीत) किंवा लांब वायरने लावलाय का? थेट लॅपटॉपला लावा, आतून निळं असलेलं पोर्ट असेल तर त्यात. लॅपटॉप चार्जरवर ठेवा. तरी तसंच झालं तर दोन तोंडांची वायर मिळते, एक तोंड डेटाला, दुसरं नुसतं विजेसाठी.

आतल्या ड्राइव्हचं म्हणाल तर लेझर थकलाय. सफाईने जेवढं मिळायचं तेवढं मिळालं. त्याच्यावर आजीच्या सीडी आता लावू नका.

पाणंद · गुरुवार, रात्री ९.१५

हबच होता! थेट लावला आणि पहिली सीडी उघडली. मावशी शेजारीच होती. आधी जात्याची घरघर आली, मग आजी खाकरली आणि सुरू झाली. मावशी काही बोलली नाही, पदर डोळ्याला लावून ऐकत राहिली.

पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, सहावी, सातवी अशा सहा सीडी उतरवून झाल्या. फाईली वेव्ह आहेत, प्रत्येक सीडीत पाऊण ते एक तास. पाचवीही उतरवली, तिच्यात 'ट्रॅक ०१' ते 'ट्रॅक १४' अशा फाईली होत्या, दोन सेकंदांत उतरल्या. आठवी मात्र दिसते, तिची पहिली फाईल उघडते, पण दुसरी उतरवताना टक्केवारी ८७ वर अडकते आणि 'चक्रीय त्रुटी' असं काहीतरी येतं.

कोनाडा · गुरुवार, रात्री ९.३०

ताई, थांबा. पाचवी उतरलेली नाही! दोन सेकंदांत सीडी उतरत नाही. त्या फाईलींच्या नावाच्या शेवटी 'सीडीए' आहे का, आणि आकार ४४ बाइट? ती ऑडिओ सीडी आहे. ते ४४ बाइट म्हणजे ट्रॅक कुठे सुरू होतो याची चिठ्ठी आहे, आवाज नाही. किती घरांत लोक त्या चिठ्ठ्या पेनड्राइव्हवर उतरवून सीडी फेकून देतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्राम घ्या, 'सिक्युअर' पद्धत निवडा. तो प्रत्येक भाग पुन्हा पुन्हा वाचून जुळवतो आणि जिथे शंका आहे तिथे वेळ दाखवतो. ऑडिओ सीडीला डेटा सीडीइतकं संरक्षण नसतं, ड्राइव्ह चुकला तर मधला आवाज अंदाजाने भरतो आणि आपल्याला सांगतही नाही. म्हणून साध्या प्लेअरने उतरवू नका.

उंबरठा · गुरुवार, रात्री १०.००

आठवीबद्दल मी सांगतो. विंडोजमधून फाईल उतरवणं आता बंद करा. एक सेक्टर, म्हणजे सीडीवरच्या नोंदीचा एक छोटा तुकडा, वाचला नाही की ते पूर्ण फाईल सोडून देतं, आणि प्रत्येक प्रयत्नात ड्राइव्ह खराब जागी तासन्‌तास घासत बसतो.

भाच्याने केलेला लिनक्सचा पेनड्राइव्ह आहेच. त्यात डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम बसवा. तो फाईली बघतच नाही, सीडीची सेक्टर-सेक्टरने हुबेहूब प्रतिमा काढतो. ब्लॉकचा आकार २०४८ द्यायचा, डेटा सीडीचा सेक्टर तेवढाच. पहिल्या फेरीत कमांडला 'उणे एन' (-n) लावायचं, म्हणजे तो खराब जागेशी झगडत बसत नाही, सरळ ओलांडून चांगला भाग आधी पदरात पाडून घेतो. दुसऱ्या फेरीत 'उणे डी' आणि 'उणे आर ३', म्हणजे राहिलेल्या जागी तीन-तीनदा प्रयत्न. सुरू करण्याआधी ईजेक्ट कमांडला 'उणे एक्स ४' देऊन वेग चारपट एवढाच ठेवा. खराब सीडी सावकाश जास्त चांगली वाचली जाते.

सगळ्यात महत्त्वाची ती नकाशाची फाईल. प्रतिमेसोबत तिचं नाव द्यायला विसरू नका. कुठला सेक्टर मिळाला, कुठला नाही, हे तीत लिहिलेलं असतं. मध्ये वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. आणि तीच सीडी दुसऱ्या कुठल्या ड्राइव्हमध्ये घालून तोच नकाशा दिला तर तो फक्त राहिलेले सेक्टर मागतो. प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी. एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं.

सीडी आतून बाहेर लिहिली जाते. तुमचा फुगवटा कडेला आहे, म्हणून सीडी ओळखली जाते, सुरुवात मिळते आणि शेवट अडतो. हाच फुगवटा आतल्या कडीला असता तर अनुक्रमणिकाच गेली असती.

कोनाडा · गुरुवार, रात्री १०.१०

फुगवट्यावर चिकटपट्टी लावू नका. काढताना धातू तिच्याबरोबर येईल. त्या जागी बोटही नको.

सातासमुद्रापार · शुक्रवार, पहाटे ५.२०

एडिसन, न्यू जर्सीहून. धागा वाचून माझाही प्रश्न सुटेल असं वाटतंय. भारतातून आणलेल्या नाटकांच्या काही डीव्हीडी इथल्या लॅपटॉपमध्ये चालत नाहीत. इथल्या चालतात. लेझरच का?

तांबडी_तार · शुक्रवार, सकाळी ८.४५

लेझर नाही. डीव्हीडी कुठल्या देशांत चालावी याचे विभाग ठरलेले असतात: भारताचा विभाग ५, अमेरिकेचा १. ड्राइव्हचा विभाग बदलता येतो, पण एकूण ५ वेळाच, मग तो कायमचा कुलूपबंद होतो, म्हणून उगाच बदलू नका. ज्या डीव्हीडींवर विभागाचं बंधनच नाही त्या व्हीएलसी प्लेअरमध्ये चालायला हव्यात. आणि विंडोज ८ पासून मीडिया प्लेअरमध्ये डीव्हीडी चालवायची सोय काढली आहे, त्यामुळे आधी व्हीएलसी घालून बघा.

पाणंद · रविवार, दुपारी १२.३०

पाचवी सीडी उतरली. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीला सव्वा तास लागला, एकाही ट्रॅकला शंका नाही. कोनाडाकाका, तुम्ही थांबवलं नसतं तर मी त्या चिठ्ठ्याच जपून ठेवल्या असत्या.

आठवी: पहिल्या फेरीत ६९० एमबीपैकी ११ एमबी मिळाले नाहीत. दुसरी फेरी रात्रभर चालली, सकाळी ४ एमबी राहिले होते. म्हणजे किती गेलं?

उंबरठा · रविवार, दुपारी १२.५०

वेव्ह फाईल एका मिनिटाला साडेदहा एमबी. म्हणजे आधी एक मिनिट राहिलं होतं, आता २३ सेकंद.

आता दुसरा ड्राइव्ह. शक्यतो डेस्कटॉपचा जाड, जुना. त्याची चकती धरायची पकड भक्कम असते. माझ्याकडे पुण्यात एक आहे, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून घेतलेला, यूएसबीला जोडायच्या पेटीसकट. त्याला वीज वेगळ्या अ‍ॅडॉप्टरने मिळते, म्हणजे परवाचा त्रास नाही. बुधवारी माझा भाऊ गुहागरला जाणार आहे, चिपळूण एसटी स्टँडवर देईल. निरोप पाठवा.

रानजाई · रविवार, दुपारी १.०५

पाणंद, मी रोज येऊन हा धागा बघतेय. माझ्या मुलाच्या सीडी आज कपाटातून काढल्या, त्यात त्याच्या बारशाची एक आहे. उद्यापासून उतरवायला घेते. बाहेरचा ड्राइव्ह कुठला घ्यावा?

तांबडी_तार · रविवार, दुपारी १.४०

कुठल्याही चांगल्या कंपनीचा, दोन तोंडांची वायर सोबत असलेला बघा. घेतल्यावर घरी लिहिलेली सीडी, छापील सीडी आणि डीव्हीडी अशा तिन्ही लावून तपासा, नुसती डीव्हीडी चालली म्हणून परतीची मुदत जाऊ देऊ नका.

पाणंदताई, लॅपटॉपचा आतला ड्राइव्ह बदलायचा असेल तर जाडी मोजून घ्या. हे ड्राइव्ह १२.७ मिलिमीटर आणि ९.५ मिलिमीटर अशा दोन जाडीत येतात, २०११ च्या मशीनला बहुधा १२.७. खालचा एक स्क्रू काढला की ड्राइव्ह सरकून बाहेर येतो. पुढची पट्टी आणि मागची छोटी पत्र्याची पट्टी जुन्यावरून काढून नव्याला लावायची.

पाणंद · शुक्रवार, रात्री ११.२०

उंबरठादादा, ड्राइव्ह बुधवारी संध्याकाळी मिळाला. तुमच्या भावाने चहासुद्धा घेतला नाही, गाडी सुटत होती म्हणाले.

तोच नकाशा देऊन काल रात्री लावला. खरंच तो फक्त राहिलेल्या जागीच गेला. पहिल्या वीस मिनिटांत ४ एमबीचे ९०० केबी झाले, मग हळूहळू उतरत गेले. आज दुपारी थांबला तेव्हा ८४ सेक्टर राहिले होते. परत दोनदा चालवलं, आकडा हलला नाही. हिशोब मीच केला: ८४ गुणिले २०४८ म्हणजे १,७२,०३२ बाइट. एक सेकंदसुद्धा पूर्ण नाही.

आठही सीडींच्या फाईली आता लॅपटॉपवर, एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि मामेभावाकडे बडोद्याला अशा तीन ठिकाणी आहेत. सीडीही तशाच ठेवल्यात, आठवीसाठी प्लास्टिकची डबी आणली. मैत्रिणीचा ड्राइव्ह परत केला, तुमचा पुढच्या आठवड्यात पाठवते.

तो राहिलेला सेकंद आठवीच्या शेवटच्या फाईलीत आहे. जातं फिरत असतं, आजी ओवीचा तिसरा चरण म्हणते, मध्येच सगळं निःशब्द होतं आणि परत जातं ऐकू येतं. तिथला एक शब्द जातो. मावशीला ऐकवलं. तिला ती ओवी पाठ होती, तिने शब्द सांगितला. फाईलशेजारी एक टिपण करून त्यात तो शब्द, वेळ आणि मावशीचं नाव लिहून ठेवलं आहे.